आमच्या गेटाजवळचा मारुती

आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटाजवळ एक दगड उभा आहे. कमरेच्या थोडा वर येईल एवढा, माथ्याला गोलसर, खाली रुंद. अकोट्यात कुणालाही विचारा, तो सांगेल की हा पुरातला मारुती. विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा हा वाहत वाहत इथवर आला, पाय रोवून उभा राहिला आणि पाण्याला म्हणाला, बास, आता पुढे यायचं नाही. दरवर्षी तो तिळाएवढा वाढतो. खोटं बोलून त्याच्यावर हात ठेवला तर हाताला चटका बसतो.

चटकाबिटका काही बसत नाही. मला खात्रीने माहीत आहे, कारण ही गोष्ट मीच रचली आणि रचताना माझा हात त्याच्यावरच होता.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. बत्तीस वर्षं "पुरावा काय? पुरावा दाखव!" म्हणून पोरांना भंडावून सोडलं. अशा बाईने असला उद्योग करावा म्हणजे कमालच झाली. पण त्याला कारण होतं, आणि ते चांगलंच घाणेरडं होतं.

आम्ही दांडिया बाजार या शहरातल्या जुन्या मराठी वस्तीतल्या दोन खोल्या सोडून अकोट्यात आलो तेव्हा सोसायटीच्या मागे नुसतं रान होतं. बाभळी, चिखल, आणि त्यात हा दगड, जरासा कललेला, मातीने माखलेला. येणारेजाणारे पुरुष नेमके त्या दगडाआड उभे राहायचे. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तिकडेच. सकाळी कुकर लावायला उभी राहिले की समोर कुणाची तरी पाठ. शी! मी ओरडून पाहिलं, पाटी लावून पाहिली. पाटी तिसऱ्या दिवशी गायब झाली आणि पाठी होत्या तिथेच राहिल्या.

मग एका शनिवारी माझं डोकं फिरलं. आम्हा दांडिया बाजारवाल्यांना उभा दगड दिसला की एक तर म्हसोबा दिसतो नाहीतर मारुती. लहानपणापासून पाहिलेलं, ज्या कोपऱ्याला शेंदूर लागला त्या कोपऱ्यावर थुंकायची कुणाची छाती नाही. मी बादलीभर पाणी घेतलं, काटे बाजूला केले, दगड खसाखसा धुतला आणि तेलात कालवलेला शेंदूर त्याला चांगला जाड थापला. हाताखाली काहीतरी उंचवटे लागत होते. एक लांब, वळलेला. म्हटलं, ही शेपटी. वर दोन वाटोळे. म्हटलं, हे डोळे. झालं, मारुती तयार! हात पुसते तोवर समोरच्या बंगल्यातल्या बेन येऊन उभ्या राहिल्या.

"आ कोण छे?"

"हनुमानजी," मी म्हटलं.

"तमने कोणे कह्युं?"

आता आली का पंचाईत. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, सासऱ्यांच्या स्वप्नात आले होते, जुन्या पुरात वाहून आलेत म्हणाले. माझ्या सासऱ्यांना रात्र रात्र झोप लागत नसे, स्वप्न कुठलं पडायला! पण बेननी तिथल्या तिथे डोक्यावर पदर घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या दगडाआड कुणी उभं राहिलं नाही. मला तेवढंच हवं होतं. विषय संपला असं मी समजले.

पुढे एका पावसाळ्यात विश्वामित्री खरोखरच चढली. पाणी रस्त्यावर आलं, बंगल्यांच्या पायऱ्यांना लागलं, आणि दगडापासून दहाबारा पावलांवर थांबलं. आमच्याकडची जमीन उंच आहे म्हणून थांबलं. हे मी चार जणांना सांगितलंही, पण ऐकतो कोण. त्या दिवसानंतर गोष्ट माझी राहिली नाही. तिळाएवढं वाढण्याचं कलम बेननी घातलं. त्या दर हनुमान जयंतीला दोऱ्याने त्याचा घेर मोजायच्या आणि दोरा दरवर्षी लांब व्हायचा. होणारच! शेंदराचे थर चढत होते ना. चटक्याचं कलम कुणी घातलं देव जाणे. पुढे ओटा झाला, वर पत्रा आला, दोन वाटोळ्यांवर चांदीचे डोळे बसले.

आणि आमचे हे त्याचे सेवेकरी झाले. हे तेव्हा रिफायनरीत होते, मी शेंदूर थापला त्या दिवशी कामावर होते, त्यामुळे खरं काय ते यांना ठाऊक नव्हतं. आधी नुसते येता-जाता नमस्कार करायचे. मग यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनला नेताना हे त्या दगडाला काहीतरी बोलले होते. बरे होऊन घरी आले ते गेटावरच थांबले आणि ओट्याला डोकं टेकवून रडले. मी पिशव्या घेऊन मागे उभी होते. तेव्हा कुठल्या तोंडाने सांगू? त्यानंतर रोज संध्याकाळी दिवा आणि दर शनिवारी सकाळी आंघोळ करून शेंदूर आणि रुईची माळ, यात खंड नाही. नवराबायकोत न सांगितलेल्या एकदोन गोष्टी असायच्याच. आमच्यातली एक अशी गेटाजवळ उभी होती.

हे असंच चाललं असतं. पण यंदा उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झाल्यावर चार-पाच दिवसांनी, दुपारी, एक म्हातारे गृहस्थ गेटाशी आले. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, हातात कापडी पिशवी. भरूचकडच्या एका गावाहून सकाळच्या बसने आले होते. मी फाटकात भाजी निवडत बसले होते.

"बेन, अहीं क्यांय पाळियो छे?"

पाळिया म्हणजे आपल्याकडचा वीरगळ. लढताना पडलेल्या माणसाचा उभा दगड. मी त्यांना मारुतीच्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. ते गुजरातीत सांगत होते, मी मराठीत लिहिते आहे. त्यांच्या आजोबांचं घर पूर्वी या बाजूला होतं. त्यांचा कुणी पूर्वज, ते त्याला दादाच म्हणत होते, गावच्या गायी लुटारूंनी पळवल्या तेव्हा एकटा मागे गेला. गायी वळवून आणल्या, पण स्वतः राहिला नाही. डोकं पडलं तरी त्याचं धड सात शेतं लढत आलं आणि जिथे पडलं तिथे दगड उभा केला. पुढे घर उठलं, माणसं भरूचकडे गेली आणि दगड कुठे होता ते सांगणारं कुणी राहिलं नाही. वडिलांनी एवढंच सांगितलं होतं, अकोट्याच्या मागे, नदीपासून हाकेच्या अंतरावर. घोड्यावर माणूस, हातात भाला, वर चंद्र आणि सूर्य.

"आता एवढ्या वर्षांनी कशाला शोधताय, काका?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्यात लग्न झालं की नवरानवरी अशा पूर्वजाच्या पाळियासमोर येतात. नवऱ्याच्या खेसाला, म्हणजे उपरण्याला, नवरीच्या चुंदडीची, म्हणजे ओढणीची, मारलेली जी गाठ असते, ती छेडाछेडी तिथे त्याच्यासमोर सोडायची. तोवर लग्न पुरं झालं असं मानत नाहीत. त्यांच्या वडिलांनी नाइलाजाने घरीच पाळियाच्या जागी सुपारी मांडून सोडली होती. पण काकांच्या लग्नात त्यांची आई अडून बसली. म्हणाली, दादा सापडेपर्यंत गाठ सोडायची नाही. खेस आणि चुंदडी तशीच गाठीसकट उतरवली आणि पेटाऱ्यात ठेवली. आज सापडेल, उद्या सापडेल करता करता पन्नासहून जास्त वर्षं झाली. काकांच्या बायकोने ती चुंदडी पुन्हा अंगाला लावली नाही.

"आता ती अंथरुणावर आहे," काका म्हणाले. "वैशाखात नातवाचं लग्न आहे. म्हणते, पोराची तरी गाठ जागेवर सुटू दे, आणि मला गाडीत घालून एकदा घेऊन चला, आपलीही सोडू."

बोलता बोलता ते आमच्या मारुतीकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "हा दगड कोणाचा?"

आणि मी, इतिहासाची बाई, पुरावा मागणारी, शाळेतल्या ठणठणीत आवाजात म्हणाले, "छे छे, हा पाळिया नाही. हा मारुती. स्वयंभू आहे. पुरात वाहून आलाय."

मुद्दाम खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही. तीस वर्षं ऐकून ऐकून तो मलाही मारुतीच दिसायला लागला होता. पण स्वयंभू म्हणायची काय गरज होती? जिभेला हाड नाही ती ही अशी. काकांनी दगडाला नमस्कार केला, पिशवी उचलली. काही कळलं तर सांगा म्हणून फोन नंबर दिला, तो मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. उन्हात हळूहळू चालत ते रस्त्याला लागले.

चैत्रात, हनुमान जयंतीला चार दिवस होते. सकाळी हे धावतच घरात आले. "अगं, चल, चल लवकर! मारुतीने कवच सोडलं!"

शेंदराचे थर जुने झाले की उन्हाने तडकतात आणि अख्खं कवच गळून पडतं. मोठा शुभशकुन मानतात. आम्ही गेलो तेव्हा दहा-पंधरा माणसं जमली होती, बेन आरतीचं ताट घेऊन आल्या होत्या. तांबडे जाड पापुद्रे ओट्यावर पडले होते आणि उघड्या दगडावर घोडा होता.

स्पष्ट घोडा. पुढचा एक पाय उचललेला. मी जिला शेपटी समजले ती शेपटीच होती, पण घोड्याची. पाठीवर माणूस, हातात तिरपा भाला. वर, चांदीचे डोळे निघाले होते तिथे, एक पूर्ण वाटोळं आणि एक चंद्रकोर. मला उन्हात परत गेलेले काका आठवले.

सगळे आनंदात होते. कुणी म्हणालं, मारुतीने घोड्यावरचं रूप दाखवलं. ठरलं की जयंतीच्या पहाटे नवा शेंदूर चढवायचा, चांगला दोन किलो, आणि तो यांच्याच हातून.

घरी आल्यावर मी चहा ठेवला आणि म्हटलं, "अहो, तो मारुती नाही."

"मग कोण आहे?"

"कुणाचा तरी पूर्वज आहे. भरूचकडचे काका आले होते ना, त्यांचा."

"पण बाबांच्या स्वप्नात..."

"बाबांना स्वप्न पडलं नव्हतं. ते मी बोलले. मारुती मीच केला होता." मग खिडकीची, पाठींची, शेंदराची सगळी हकीकत सांगितली. हे ऐकत राहिले. चहावर साय धरली. वाटलं, चिडतील, ओरडतील. मी तयारीत होते, कारण ओरडलं की मला उलटं ओरडता येतं. हे ओरडले नाहीत.

"मग मी इतकी वर्षं दिवा लावला," हे म्हणाले, "तो कुणाला पोचला गं?"

हे उठले, चपला घातल्या आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत आले नाहीत.

मी कॅलेंडरची पानं मागे उलटली, नंबर काढला आणि फोन केला. काकांनीच उचलला. मी सांगितलं, घोडा आहे, भाला आहे, चंद्र-सूर्य आहेत. सांगितलं की तुम्ही आलात त्या दिवशी तुम्ही त्याच्याच ओट्यावर बसला होतात आणि मी तुम्हाला परत पाठवलं. मग एवढंच ऐकू आलं:

"बा तो फागणमां गयां, बेन."

घरात सगळे काकांच्या बायकोला बा म्हणत असणार. फाल्गुनात गेल्या. काका आले होते पौषात. मध्ये दीडेक महिना होता, आणि भरूच इथून दोन तासांवर. मी फोन ठेवला आणि देवघरासमोर जाऊन उभी राहिले, पण हात जोडायची लाज वाटली. हे माझ्यामुळे झालं होतं. फिरवून फिरवून कसंही सांगितलं तरी माझ्यामुळेच झालं होतं.

जयंतीच्या पहाटे ओट्यापाशी सगळे जमले. मी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. कुणी हसलं, कुणाला पटलं नाही, एक जण म्हणाले, बाईंना वयामुळे होतंय. बेन तर फणकारल्या, "गोष्ट खोटी असेल, पण पाणी थांबलं होतं ते तर खरं ने?" शेंदराची परात यांच्या हातात होती. सगळे यांच्याकडे बघायला लागले. त्या दिवसापासून हे माझ्याशी मोजून चार शब्द बोलले होते. यांनी परात खाली ठेवली, खिशातून रुमाल काढला, खोबरेल तेलात बुडवला आणि घोड्याच्या तोंडावर राहिलेला शेंदूर हळूहळू पुसायला लागले. मग त्या दिवशी शेंदूर चढवायचा विषय कुणी काढला नाही.

वैशाखात काका आले. लग्नाचा मुहूर्त बांनी धरला होता तोच ठेवला होता. दोन गाड्या, नवरानवरी, लेकीसुना. काका आधी एकटेच पुढे झाले. घोड्यावर, भाल्यावर, चंद्रावर बोटं फिरवली, मग फेटा काढून पायाशी ठेवला. त्यांनी विचारलं, इथे दिवा कोण लावतं? मी यांना पुढे ढकललं.

"कधीपासून?"

"वीसेक वर्षं होतील," हे म्हणाले. "पण मी मारुती समजून लावत होतो हो."

"आम्ही पोटची माणसं, आम्ही एक दिवससुद्धा लावला नाही," काका म्हणाले. "आमच्या दादाला तुम्ही अंधारात ठेवलं नाहीत, साहेब." आणि ते यांच्या पायाशी वाकले. यांनी घाईघाईने त्यांना धरलं. यांच्याकडे बघून माझा जीव भांड्यात पडला.

नातवाची गाठ त्याच्या आत्याने सोडली. दोन मिनिटांचं काम. हसणं झालं, गूळ वाटला, फोटो झाले. नवरानवरी गाडीकडे गेली. काका मात्र ओट्यावर बसून राहिले. त्यांनी कापडी पिशवीतून एक घडी काढली आणि मांडीवर उलगडली. खेस पिवळा पडला होता. चुंदडीचा रंग विटून मातीसारखा झाला होता. मध्ये गाठ.

ते सोडायला लागले. गाठ आवळून आवळून दगड झाली होती. लेक पुढे आली, तिला त्यांनी मान हलवून थांबवलं. आणि माझ्याकडे पाहिलं.

"छूटती नथी, बेन. तमे छोडी आपो."

"मी?" मला रडू फुटलं. "काका, मी तुम्हाला परत पाठवलं. मी नसते तर बा इथे आल्या असत्या. मी कशी सोडू?"

"घरी गेलो तेव्हा तिने विचारलं, तिकडे कुणी भेटलं का," काका म्हणाले. "मी म्हटलं, एक बेन भेटली, सावलीत बसवलं, पाणी दिलं. मग शेवटपर्यंत म्हणत होती, त्या बेनचा फोन आला का? इथलं दुसरं कुणी तिला ठाऊकच नव्हतं."

मी त्यांच्या शेजारी बसले. नखं लावून लावून एकेक पीळ सैल केला. बराच वेळ लागला, कुणी घाई केली नाही. शेवटी गाठ सुटली आणि आतून एक सुपारी माझ्या मांडीत पडली. गाठीच्या आत जिथे कधी ऊन पोचलं नव्हतं, वारा पोचला नव्हता, तिथे चुंदडीचा वीतभर तुकडा लालभडक होता, आत्ता दुकानातून आणल्यासारखा.

काकांनी तो दोन बोटांत धरला.

"असाच लाल होता," ते म्हणाले. "तिने डोक्यावरून घेतली होती ना, तेव्हा असाच लाल होता."